धुरपदाक्काचं माहेर

ही फार वर्षांपूर्वीची गोष्ट. घाटात तेव्हा सडक नव्हती आणि मीठ बैलांच्या पाठीवरून वर चढायचं. घाटाच्या पायथ्याशी उंबरपेठ नावाचं गाव होतं, तिथे दर सोमवारी मोठा बाजार भरायचा. बाजार उठला की मागे राहायचे सांडलेले दाणे, आणि ते वेचणाऱ्या पोरी. कुणाचे मायबाप दुष्काळाने नेलेले, कुणाला वाटेतच सोडून दिलेलं, कुणी घरच्या माराला भिऊन पळालेली. गाव त्यांना चिमण्या म्हणायचं आणि चिमण्यांसारखंच हुसकून लावायचं.

त्याच बाजारात धुरपदाक्का बांगड्या भरायची. जातीची कासारीण, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही आणि जीभ मिरचीहून तिखट. पण हात असा हलका, की घट्टातली घट्ट बांगडी मनगटात जाऊन बसायची आणि बाईला कळायचंही नाही. तिने भरलेली बांगडी वर्षभर वाढत नाही, असं म्हणतात. (बांगडी फुटली म्हणायचं नाही बरं का, वाढली म्हणायचं.)

एका सोमवारी माल आवरताना अक्काला आपल्या पालामागे एक पोर झोपलेली दिसली. साळू तिचं नाव. नऊ-दहा वर्षांची असेल. झोपेतही दोन्ही मुठी आवळलेल्या. अक्का तिला घरी घेऊन आली, न्हाऊ घातलं, जेवू घातलं आणि कौतुकाने बांगड्या भरायला बसली. पण पोरीचा हात म्हणजे लाकूड. कुणी धरला की तो आखडायचा. दोन बांगड्या तिथेच वाढल्या. अक्काने बांगड्यांची टोपली, तिचा हारा, बाजूला सारला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "हात सैल झाला की सांग. मला घाई न्हाई."

साळू घरात राहिली, पण भिंतीला पाठ लावून. जेवताना अर्धी भाकरी पोटात, अर्धी वाकळेखाली. एक दिवस वाकळेला मुंग्या लागल्या. अक्का स्वच्छतेची भोक्ती. तिने वाकळ झटकली आणि ते वाळके तुकडे कोंबड्यांना घातले. साळूने ते पाहिलं आणि दिवेलागणीला ती घरातून निघून गेली.

अक्का तणतणतच शोधायला निघाली. कान धरून आणायचं, असं तिने ठरवलं होतं. पोर बाजारतळावर एका गाडीखाली सापडली, धुळीतून दाणे वेचत. ते बघितलं आणि अक्काचा राग कुठल्या कुठे गेला. पोरीची सगळी इस्टेट आपण कोंबड्यांपुढे टाकली, हे तिला तेव्हा कळलं आणि तिला फार वाईट वाटलं. गाडीखाली वाकून ती पोरीशेजारी धुळीत बसली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "भाकरी तुझी हुती."

मोठ्या माणसाने असं म्हणावं, हे साळूने जन्मात ऐकलं नव्हतं. ती घरी आली. दुसऱ्या दिवशी अक्काने एक शिंकं पोराच्या हाताला येईल इतकं खाली बांधलं, त्यात भाकऱ्या ठेवल्या आणि सांगून टाकलं, की यातलं घेताना कुणी कुणाला विचारायचं नाही. वाकळेखालच्या मुंग्या हळूहळू गेल्या. आणि एका दुपारी अक्का हारा उघडून बसली असताना साळू आपणहून समोर येऊन बसली, हात पुढे केला आणि म्हणाली, "अक्का, भर." तो हात लोण्यासारखा मऊ लागला. अक्काने हिरव्या बांगड्या भरल्या आणि पदराने डोळे पुसले.

मग साळूच एकेकीला घेऊन येऊ लागली. घर पोरींनी भरलं. त्या शिंक्यातली भाकरी कधीच संपली नाही, असं म्हणतात. खरं तर त्या पोरी पहाटे उठून दळायच्या आणि दिवसभर अक्काबरोबर गावोगाव बांगड्या विकायच्या, म्हणून ती संपायची नाही. पण असं सांगितलं तर गोष्टीची मजा जाते.

आणि मग हैबती आला. हा जनावरांचा दलाल, आणि संधी मिळाली तर पोरींचाही. भर बाजारात त्याने साळूचा दंड धरला.

"ही पोर माझी. हिच्या मामाला मी जोंधळा दिलाय."

बाजारातल्याच पारावर पंच बसले. पाटलाने विचारलं, "धुरपदे, तुझं हिच्याशी नातं काय?"

त्या मुलखात जत्रेला लेकीच्या बांगड्या माहेरून भरायची चाल होती. अक्का म्हणाली, "मी हिला बांगड्या भरल्या. जिथली बांगडी, तिथलं माहेर."

पाटील हसला. "बांगड्या तर तू साऱ्या पंचक्रोशीला भरतीस. मग काय सारी पंचक्रोशी तुझ्या लेकी?"

अक्काने हा विचार कधी केला नव्हता. पोर गेली तर पुन्हा दिसणार नाही, एवढंच तिला समजत होतं.

"व्हय," ती म्हणाली. "साऱ्या."

"मग ही बांगडीच नको," हैबती ओरडला, "फोडूनच टाकतो!" बायकांनी कानांवर हात ठेवले. त्याने साळूचं मनगट पाराजवळच्या मोठ्या दगडावर दाबलं आणि दुसरा धोंडा उचलला. साळूने मूठ आवळली नाही. ती अक्काकडे बघत राहिली. धोंडा खाली आला, आणि म्हणतात, की खालचा दगड दुभंगला, बांगडीला चराही पडला नाही. दगडच कच्चा असेल, असं म्हणणारे शहाणे आहेत. त्यांनी एकदा काचेवर धोंडा घालून बघावा.

पण जुनी माणसं म्हणतात, नवल ते नव्हेच. नवल पुढचं. गर्दीतून खुद्द पाटलीणबाई पुढे आल्या. चारचौघांत त्यांचा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता. त्यांनी दोन्ही हात वर केले. "ह्या बी अक्कानंच भरल्यात. तवा ही माझी बहीण." मग तेलीण आली, माळीण आली, वरच्या वाडीच्या धनगरणी आल्या. बाजारातल्या झाडून साऱ्या बाया साळूभोवती उभ्या राहिल्या. हैबतीला वाट कुठून काढावी कळेना. पाटलालाही संध्याकाळी घरीच जेवायचं होतं. त्याने निवाडा दिला, की पोर माहेरीच राहील.

अक्काच्या घरून पुढे किती पोरी नांदायला गेल्या आणि किती आपल्या पायावर उभ्या राहिल्या, याची मोजदाद नाही. अक्का गेली तेव्हा तिला खांदा लेकींनीच दिला आणि पाळीपाळीने दिला, कारण खांदे फार होते, असं सांगतात.

तो दुभंगलेला दगड अजून बाजारात आहे. जिला कुणी नाही तिने त्यावर येऊन बसावं, एवढंच. कोण, कुठली, कुणी टाकली, हे तिला विचारायचं नाही, घरी न्यायचं. दर सोमवारी बाजार उठला, की एक बाई तिथे जाऊन बघून येते आणि गल्लीगल्लीतून हाक देत जाते, "दगड रिकामा हाय गं."

ती हाक ऐकल्याशिवाय उंबरपेठेत अजूनही कुणी ताट वाढून घेत नाही.