भुलभद्राच्या बाजारातली भवानी

एका राज्यात दिवाळी तोंडावर आली, आणि डोंगरावर एक बाजार आपोआप उगवला. त्याचा धनी होता भुलभद्र जादूगार. तो पैसे घेत नसे. "हवं ते न्या, उद्याचं उद्या बघू," म्हणे. लोकांनी गाठोडी भरभरून नेली. दुसऱ्या दिवशी त्या घरांतल्या लहान लेकरांचे आवाज गेले. आईबाप घाबरले, आणि पोरं बोलावीत म्हणून आणखी खेळणी घेऊन आले.

राणी चारुलेखेनेही लेकीसाठी झोपाळा आणला होता. सकाळी राजकन्या इंदुवल्लीने तोंड उघडले, पण शब्द आला नाही. राजा शूरधवलाने बाजार मोडायला फौज धाडली. फौज नवे फेटे बांधून परत आली.

मग दिवाळीच्या पहिल्या आंघोळीची पहाट आली. राणी डोळ्यांत पाणी आणून बसली होती. खिडकीत साळुंकी उतरली आणि म्हणाली,

"बाईसाहेब, लेकीच्या अंगावर पहिलं पाणी पडलं की आवाज कायमचा गेला. बरण्या भुलभद्राच्या फळीवर आहेत. आधी तीन गल्ल्या लागतील. कुणी काही पुढं केलं तर हात लावू नका. हातात घेतलं म्हणजे विकत घेतलं."

"न्हाणं थांबवा," राणीने दासीला सांगितले, आणि एकटी निघाली.

पहिल्या गल्लीत शालू आपणहून उलगडत होते. एक तिच्या खांद्यावर येऊ लागला. राणीने खांदा काढून घेतला.

दुसऱ्या गल्लीत लाकडी घोडा खिंकाळला. "लेकीपेक्षा हट्ट मोठा का ग तुझा? सगळ्यांच्या पोरांकडं आहे, तिच्याकडंच नाही." राणीचा हात उठला. तिने तो पदरात गुंडाळला आणि पाय उचलला.

तिसऱ्या गल्लीत नुसते आरसे होते. "राणी असून रिकाम्या हाती," एक आरसा म्हणाला. "राजाची ऐपत संपली वाटतं," दुसरा म्हणाला. राणीचे कान तापले. मान खाली घालून ती चालत राहिली.

टोकाला भुलभद्राचे दुकान. फळीवर बरण्या, बरण्यांत आवाज, माशीसारखे काचेवर आपटणारे.

"अजून उघडलं नाही," भुलभद्र म्हणाला.

"पायरीवर पाणी शिंपडलंस, उदबत्ती लावलीस. उघडलंच की. आजचं पहिलं गिऱ्हाईक मी, भवानी माझी."

जादूगार झाला तरी दुकानदार तो. सकाळचे पहिले गिऱ्हाईक परत धाडले तर दिवसाचा धंदा बसतो, हे त्यालाही चुकलेले नव्हते.

"काय हवं?"

"इंदुवल्लीची बरणी."

"किंमत तुझे डोळे."

"भवानीला घासाघीस करतोस? ही कवडी घे."

त्याने दात खाल्ले. पण कवडी घेतली, सवयीने दोन्ही डोळ्यांना लावली आणि बरणी तिच्या हातात दिली. लगेच गोड आवाजात म्हणाला, "वर ही बाहुली न्या. फुकट आहे."

राणीची बोटे बाहुलीपाशी गेली. तशीच मागे आली.

"बाहुली नको. वर द्यायचंच तर ती सगळी फळी दे."

"वर काय घालायचं ते दुकानदार ठरवतो, बाई."

राणीने लेकीची बरणी फळीवर परत ठेवली. खाली गावात न्हाणीघरांतून धूर निघू लागला होता; तिथल्या पोरांच्या अंगावरही पाणी पडायला आता वेळ नव्हता.

"मग सौदा नाही. माझी भवानी परत कर."

"डोळ्यांना लावलेली भवानी परत मागतेस?"

"हो."

भुलभद्राने कवडीकडे पाहिले, फळीकडे पाहिले. भवानी परत गेलेले दुकान पुन्हा उघडत नाही. त्याने डोळे मिटले. "ने. सगळ्या ने. पण कवडी राहू दे."

राणीने एकेक बरणी उघडली. आवाज थव्याने डोंगर उतरले. आवाज गेले तसा बाजाराचा पाया सुटला. शालू, घोडे, आरसे धुके होऊन विरले. भुलभद्र कवडी मुठीत धरून उघड्या खडकावर बसून राहिला.

राणी धावत महाली आली. इंदुवल्ली न्हाणीच्या पाटावर बसली होती. तिने आईचे रिकामे हात पाहिले.

"मला काय आणलंस?"

"काही नाही ग."

राजकन्येने भोकाड पसरले. गावातही घराघरांतून तसेच भोकाड ऐकू येऊ लागले. राजा कानांवर हात ठेवून आला.

"गप्प कर तिला," तो म्हणाला.

"राहू द्या," राणी म्हणाली, "रडू द्या तिला." आणि लेकीच्या अंगाला उटणे लावता लावता ती ते रडणे ऐकत बसली. त्या राज्यात त्या वर्षी दिवाळी अशी साजरी झाली.