सगळ्यांना मनाई

"अक्का, घराच्या मालकालाच घराबाहेर उभं केलं, तर दाद कुणाकडं मागायची?"

नरहरीने विचारले. तो घराबाहेर नव्हता. स्वतःच्या माजघरात, स्वतःच्या खुर्चीवर, स्वतःच्या संगणकापुढे बसला होता.

अक्का शेजारी पाटावर बसून वाती वळत होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. नदीकाठच्या दत्तमंदिरात एका खोलीत राहत. नरहरी पाच वर्षे त्यांच्या पायाशी बसत होता, आणि भेटेल त्याला ते सांगतही होता.

"कुणी उभं केलं तुला?"

"ह्यानं." त्याने पडद्याकडे बोट दाखवले.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, हे फोल्डर उघडायची तुम्हाला परवानगी नाही."

"मग नसेल."

"अहो अक्का, मी ह्याचा ॲडमिनिस्ट्रेटर आहे! म्हणजे सर्वाधिकारी. या गावातल्या चारशे जणांना मी संगणक शिकवलाय."

"हे त्याला सांगितलंस का?"

नरहरीने पुन्हा एकदा फोल्डरवर टिचकी मारली. पुन्हा तीच पाटी आली.

वर गच्चीत, मांडवाखाली, सोळा दांपत्ये बसली होती. सोळा पानांच्या जोड्या मांडून झाल्या होत्या. भिंतीशी सोळा वाणे ओळीने ठेवली होती: नारळ, सुपारी, खण, आणि द्रोणात चुरमा.

नरहरीच्या बायकोचा, वासंतीचा, सतरावा सोमवार. सोळा सोमवारांचे उद्यापन. तिने सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

पोथीतली कहाणी सकाळीच वाचून झाली होती. पण नरहरीच्या, म्हणजे हसबनीसांच्या, घरात उद्यापनाला आणखी एक कहाणी सांगायची रीत. सासूने सुनेला सांगायची. एकदाच. ती पुस्तकात नाही. ती ऐकल्यावरच सुनेने चुरमा तोंडात घालायचा.

सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या.

जाण्याआधी त्यांनी नरहरीला बोलावून सांगितले होते, "वासंतीच्या उद्यापनाला मी असेन-नसेन. माझी कहाणी त्या तुझ्या पेटीत भरून ठेव."

नरहरीने एका मित्राकडे नेऊन आईचा आवाज भरून घेतला. एका सीडीवर. मित्राने त्याच्याकडची प्रत पुढे पुसून टाकली. नरहरीने ती सीडी घरी आणली, तिच्यावरचे सगळे संगणकात ओढून घेतले, फोल्डरला नाव दिले 'आई', आणि निर्धास्त झाला.

तेच फोल्डर आता त्याला आत घेत नव्हते.

"अहो," वासंती दारात आली. "वर पहिल्या पंगतीची माणसं विचारताहेत, अजून किती वेळ?"

"दोन मिनिटं म्हणून सांग."

"ते मघाशी सांगितलं होतं. त्याला आता पाऊण तास झाला."

"मग आता पाच सांग."

वासंती हसली. भुकेलेल्या माणसाला येते तेवढेच हसू. अक्कांनी तिच्याकडे पाहिले, मग नरहरीकडे.

"पेटीतल्या या खोलीला तू कुलूप कधी लावलंस?"

"गेल्या दिवाळीत. मुकुंदा आला होता ना, हिचा भाऊ. त्यानं सगळ्या फोल्डरांत सिनेमाची गाणी भरली. वर माझंच एक पुसलं. मी म्हटलं, आता बास. आईच्या फोल्डरला हात लावू द्यायचा नाही."

"मुकुंदाला मनाई केलीस."

"नुसती मुकुंदाला नाही, अक्का. एकेकाचं नाव कुठं घालत बसू? सरळ सगळ्यांना केली. तिथं सोय असते. 'एव्हरीवन' असं लिहिलेलं असतं, म्हणजे सगळे. त्याच्यापुढं मनाईची खूण केली. एका टिचकीत काम झालं."

"सगळ्यांना."

"सगळ्यांना!"

अक्कांनी वात खाली ठेवली. डाव्या हाताची बोटे समोर धरली.

"मुकुंदा... एक."

"हो."

"वासंती... दोन."

"तिलाही. चुकून हात लागतो."

"शेजारची ती पत्रिका छापून मागायला येणारी... तीन."

"ती तर आधी!"

अक्कांनी चौथे बोट उचलले. ते बोट तसेच नरहरीच्या छातीशी नेऊन ठेवले.

नरहरी त्या बोटाकडे बघत राहिला...

मग पडद्याकडे.

मग पुन्हा बोटाकडे.

"पण अक्का... मी मालक आहे. मी सगळ्यांत कसा येईन?"

"मग कुठं येशील?"

दारात वासंतीने तोंडाला पदर लावला.

नरहरीचे कान लाल झाले. तो मुकाट्याने माउसकडे वळला. मालक म्हणून यंत्राने त्याच्याकडे एवढा एकच हक्क ठेवला होता: आत जाता येत नव्हते, पण स्वतः केलेली खूण पुसता येत होती. त्याने ती पुसली.

फोल्डर उघडले.

"उघडलं!" तो ओरडला. "वासंती, माणसांना खाली बोलाव! नको, तूच बैस! अक्का, ऐका आता!"

त्याने आत टिचकी मारली.

काही नाही.

पुन्हा मारली.

पडद्यावर एक नवी पाटी आली. डिस्क घाला, असे ती म्हणत होती.

नरहरी पडद्याच्या जवळ सरकला. आत सहा फायली होत्या, आणि प्रत्येकीपुढे आकार लिहिला होता: जेमतेम एक केबी.

तो खुर्चीत मागे टेकला. त्याचा चेहरा असा झाला की अक्कांनीच विचारले, "काय रे?"

"आवाज नाही यात."

"मग काय आहे?"

"पाट्या आहेत नुसत्या. अशी सीडी ओढून घेतली की आवाज येतच नाही. अमुक आवाज सीडीवर अमुक ठिकाणी आहे, एवढी पाटी येते फक्त. घराचा पत्ता यावा आणि माणूस तिकडंच राहावं, तसं." त्याने डोळे मिटले. "हे मी प्रत्येक बॅचला शिकवतो, अक्का. दुसऱ्या आठवड्यात."

अक्कांनी पडद्याकडे पाहिले.

"म्हणजे दिवाळीपासून तू कुलूप लावून बसलायस..."

"...रिकाम्या खोलीला."

वरून कुणीतरी मोठ्याने जांभई दिली. ती खालपर्यंत ऐकू आली.

"सीडी," नरहरी एकदम उठला. "सीडी कुठाय? वासंती, ती सीडी तू टाकली तर नाहीस ना? मी म्हटलं होतं, आता तिची गरज नाही, फेकलीस तरी चालेल..."

"तुम्ही म्हटलं होतं," वासंती म्हणाली.

"आणि?"

"आईंचा आवाज मी कशाला फेकीन?"

ती देवघरात गेली. अन्नपूर्णेच्या मागून तिने एक लहानशी पिशवी काढली, जुन्या खणाची, दोरी ओढायची. त्यातून सीडी निघाली.

नरहरीने ती उलटी केली. आणि घशातून एक आवाज काढला.

चकचकीत बाजूवर, मधल्या भोकाच्या वरच्या अंगाला, हळद होती. हळदीवर कुंकू. कुंकवाचे एक बोट खाली ओघळून वाळलेले. एक अक्षतही चिकटलेली होती.

"हे काय आहे?"

"खंडेनवमीला तुमच्या संगणकाला वाहिलं ना, झेंडूचं फूल, हळदकुंकू? तेव्हा हिलाही वाहिलं. आई आहेत त्यात." वासंतीचा आवाज बारीक झाला. "वरच्या बाजूला तुमच्या हातचं लिहिलेलं होतं. म्हटलं, अक्षर बिघडायला नको. म्हणून चांगल्या बाजूला लावलं."

"अगं, त्याच बाजूनं वाचतात ती!"

"मला कुणी सांगितलं नाही."

नरहरीने सीडीवरून नजर काढून वासंतीकडे पाहिले. दिवाळीला मनाई केलेल्या सगळ्यांत तीही होती.

त्याने तशीच सीडी यंत्रात घातली. यंत्र घुर्र झाले... थांबले... पुन्हा घुर्र झाले... आणि ट्रे आपणहून बाहेर आला. जणू वाढलेले ताट परत केले.

वासंतीच्या डोळ्यांत पाणी आले. ते भुकेने नव्हते.

"माझ्यामुळं गेला आवाज," ती म्हणाली.

"कोमट पाणी आण," अक्का म्हणाल्या.

नरहरी सदऱ्याच्या टोकाने कुंकू खरवडायला निघाला होता. अक्कांनी त्याच्या हातातून सीडी काढून घेतली. आपल्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचा पदर पाण्यात बुडवला, पिळला.

"अक्का, गोल फिरवू नका हां! गोल पुसलं की ओरखडे..."

अक्का गोल पुसतच नव्हत्या. मधल्या भोकापाशी पदर ठेवायचा आणि सरळ कडेला ओढायचा. पुन्हा मध्ये. पुन्हा कडेला. आधी अक्षत सुटली, मग कुंकू. हळद शेवटी गेली.

नरहरी बघत राहिला. "हेही मी शिकवतो," तो हळूच म्हणाला. "तुम्हाला कुणी शिकवलं?"

"मंदिरात एकतीस तसबिरी आहेत. रोज पुसते. कुंकू गोल पुसलं की सगळा देव लाल होतो."

त्यांनी सीडी उजेडात धरली. सात रंग हलले. एका जागी केसाएवढा ओरखडा राहिला होता.

"घाल."

यंत्र घुर्र झाले.

थांबले...

वासंतीने दोन्ही हात जोडले.

...आणि माजघरात एक म्हातारी खाकरली.

"चालू झालं का रे? तो दिवा लाल लागलाय. बरं." आवाज जरा जवळ आला. "वासंती, गॅस बंद केलास का? आधी बंद कर. माझ्या उद्यापनाला माझ्या सासूनं कहाणी सांगितली तेव्हा माझं अर्धं लक्ष दुधाकडं होतं. बैस इथं. कुणी काही मागितलं तरी उठायचं नाही."

वासंती स्वयंपाकघरात धावली, गॅस बंद केला, परत येऊन जमिनीवर बसली. आता तिला रडूही येत होते आणि हसूही.

कहाणी सुरू झाली. ती इथे लिहीत नाही. ती ऐकायची आहे.

वरची माणसे एकेक करून जिन्यावर येऊन बसली. पहिल्या पायरीवर, दुसऱ्या पायरीवर. जांभई देणारे गृहस्थ सर्वांत खाली आले आणि त्यांनी कानामागे हात धरला.

मध्यावर ओरखडा आला.

"...आणि मग त्या सुनेनं दार... दार... दार... दार..."

यंत्र तिथेच अडकले. सगळे नरहरीकडे बघू लागले. त्याने हात पुढे केला, मागे घेतला. बटण दाबायची त्याला भीती वाटत होती.

"तू ऐकली होतीस ना भरताना?" अक्का म्हणाल्या. "पुढं काय आहे?"

"...दार... दार... दार..."

"उघडलं," नरहरी म्हणाला. "दार उघडलं, अक्का."

यंत्राने एक उडी घेतली आणि आई पुढे सांगू लागली.

कहाणी संपली. साठा उत्तरांची म्हणताना आईंना पुन्हा खोकला आला, तोही सीडीत होता. मग नुसती खरखर...

वासंतीने चुरम्याचा घास तोंडात घातला. डोळे मिटून खाल्ला.

जिन्यावरची माणसे पानांवर जायला उठली. नरहरी मात्र तिथेच बसून होता. सीडी त्याने दोन्ही हातांत धरली होती, बाळाला धरावे तशी.

"अक्का."

"काय?"

"आता खरी फाईल करून घेतो. आवाजासकट. पण हिला ठेवू कुठं? बँकेच्या लॉकरात ठेवू? फोल्डरला नवा पासवर्ड घालतो. ह्या वेळी मला वगळून बाकीच्यांना..."

अक्कांनी त्याच्याकडे बघितले.

"बरं, नको," नरहरी म्हणाला.

"अक्का," वासंतीने मध्येच भीत भीत विचारले, "आणि खंडेनवमीला हळदकुंकू? आता लावायचंच नाही का?"

"लावायचं की." अक्कांनी करंड्यातली हळद बोटावर घेतली, कुंकू घेतले, आणि नरहरीच्या कपाळाच्या बरोबर मध्ये टेकवले. "इथं लाव. इथलं वाचायचं काही अडत नाही."

जांभईवाले गृहस्थ जिन्यावर मोठ्याने हसले. नरहरीही हसला. मग पुन्हा गंभीर झाला.

"थट्टा नाही, अक्का. आईचा आवाज आहे हा. सांगा ना, कसा जपू?"

अक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या. संगणकाच्या टेबलावर कोऱ्या सीडींची चळत होती, क्लासातल्या मुलांसाठी आणलेली. ती त्यांनी उचलून नरहरीच्या मांडीवर ठेवली. मग जिन्याकडे, गच्चीवर मांडलेल्या वाणांच्या दिशेने, मान हलवली.

"नारळाशेजारी जागा आहे."

नरहरीने चळतीकडे पाहिले. वर पाहिले.

"सोळाही वाणांत? अहो, ही घरातली कहाणी आहे. असं सगळ्यांना... आणि त्यांनी हरवली तर?"

अक्का जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबल्या.

"हरवायचीच असेल तर सोळा घरांत हरवू दे."