खिंडीपलीकडचं आसन

फार फार पूर्वी, म्हणजे राजेराण्या स्वतः बसून रयतेची भांडणं ऐकत तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगराळ राज्यात न्यायासन एकच होतं आणि त्यावर बसून दिलेला निवाडाच लोक मानत. आसन होतं अखंड सागवानी. ते हलवायचं म्हटलं तर बारा गडी लागत.

राणी दरवर्षी ते बैलगाडीत घालून गावोगाव न्याय द्यायला जाई. पण डोंगरापलीकडच्या एका खोऱ्यात ते कधीच पोहोचलं नाही. तिथं जायची खिंड इतकी अरुंद, की एका वेळी एकच माणूस आत शिरे. मग खोऱ्यातली भांडणं तशीच कुजत पडत. दोघा सख्ख्या भावांनी तर पाटाच्या पाण्यावरून नऊ वर्षं अबोला धरला होता.

त्याच खोऱ्यात एक सुतारीण राहत असे. सुताराची बायको म्हणून सुतारीण नव्हे बरं का! बापाच्या हाताखाली रंधा आणि पटाशी शिकलेली, स्वतः लाकूड घडवणारी. ती राणीकडे गेली आणि म्हणाली की सुटे तुकडे करून खिंडीपार नेता येईल आणि तिथं पुन्हा जोडता येईल असं आसन मी करून देते.

दरबारातल्या म्हाताऱ्या सुताराला हसू आवरेना. ज्याचे तुकडे होतात ते मोडकं, आणि मोडक्या आसनावरचा न्याय कोण मानणार, असं त्याचं म्हणणं. राणीनं दोघांचं ऐकून घेतलं आणि अट घातली. आसन जरा जरी डुगडुगलं, तर सुतारणीनं आपली हत्यारं कायमची जमा करायची आणि खोऱ्यानं पुन्हा आसन मागायचं नाही.

सुतारीण तिथं दरबाराच्या आवारातच कामाला लागली. इतर सुतार सांधे लपवतात, हिनं ते मिरवले. फिक्या लाकडात काळ्या शिसवीच्या पाचरी बसवल्या. एका सांध्याला पोपट, दुसऱ्याला कोयरी, तिसऱ्याला मासोळी, असा प्रत्येकाचा आकार निराळा. पोपट फक्त पोपटाच्याच खाचेत बसे, त्यामुळे कुठला तुकडा कुठं लावायचा ते नक्षीच सांगे. सगळ्या आसनात खिळा एक नाही की सरसाचा थेंब नाही.

अकरा तुकडे अकरा जणांच्या पाठीवरून खिंड चढले. म्हातारा सुतारही धापा टाकत मागोमाग आला.

"राणीसाहेब," तो म्हणाला, "घडवणारीचे हात काहीही उभं करतील. हिनं हात लावायचा नाही आणि तोंडही उघडायचं नाही."

राणीला ते पटलं. पहिला खटला त्या दोघा भावांचा होता, म्हणून आसन जोडायचं काम तिनं त्यांच्यावरच सोपवलं.

आता गंमत पाहा. दोघांनी दोन टोकांनी सुरुवात केली आणि आपापली बाजू झकास उभी केली. उरली मधली आडवी पट्टी, मासोळीच्या सांध्याची. थोरल्यानं आपलं टोक ठोकलं की धाकट्याकडचं बाहेर येई. धाकट्यानं ठोकलं की थोरल्याकडचं निसटे. एकानं दाबून धरावं आणि दुसऱ्यानं ठोकावं, असाच तो सांधा होता. तसा सांधा सगळ्यांत घट्ट बसतो म्हणून सुतारणीनं तो केला होता. न बोलणारी माणसं तो जोडायला बसतील, हे बिचारीच्या ध्यानीमनीही नव्हतं. ती पदर तोंडाशी धरून उभी राहिली. तिची हत्यारं टोपलीत भरून राणीच्या पायाशी ठेवलेली होती. म्हाताऱ्या सुताराच्या मिशीत हसू फुटू लागलं.

सगळं खोरं श्वास रोखून पाहत होतं. थोरल्यानं कपाळाचा घाम पुसला आणि नऊ वर्षांनी भावाच्या तोंडाकडे पाहिलं.

"धर तिकडनं," तो म्हणाला.

"धरलंय, दादा. मार तू."

तीन ठोके पडले आणि मासोळी खाचेत जाऊन बसली.

राणी आसनावर बसली आणि मुद्दाम डावीउजवीकडे झुकली. साधं कुरकुरलंसुद्धा नाही. मग तिनं म्हाताऱ्या सुताराला बसवलं, आणि तो काही हलका गडी नव्हता! तो बसला, उठला, खाली वाकून सांध्यांवरून बोटं फिरवत राहिला.

"जन्मभर मी सांधे लपवत आलो," तो म्हणाला. "राणीसाहेब, ही विद्या मला शिकवायला सांगा हिला."

खोऱ्यात ढोल वाजले. राणीनं आपल्या हातांनी हत्यारांची टोपली सुतारणीला दिली आणि तिला राज्याची मुख्य सुतारीण केलं. भावांना पाणी पाळीनं वाटून मिळालं. पण त्याआधीच पहिली पाळी तू घे, तू घे, असं त्यांचं चाललं होतं. त्या दिवशी खोऱ्यात चौदा निवाडे झाले.

पुढं राणी गावोगाव तेच आसन नेऊ लागली आणि वादी-प्रतिवादींनी मिळून ते जोडायचा रिवाजच पडला. आसन उभं राहीपर्यंत निम्मे लोक निवाडा न मागताच घरी जात.

बोध एवढाच, की सुटल्यावर पुन्हा जुळता येणं, हीच खरी मजबुती.