ठकू कोंबडीचा केक

कोंबड्या स्वतः चूल पेटवायच्या, तेव्हाची गोष्ट. ठकू कोंबडीला गोडधोड करून बघायचा नाद लागला. पहिल्यांदा तिनं कढईत वाळू तापवून रव्या-गुळाचा केक केला, तर त्याची वीट झाली. शेळी म्हणाली, "दात पडतील गं माझे!" दुसऱ्या दिवशी ठकूनं आपलंच अंडं फोडून घातलं. केक टम्म फुगला. सगळ्या गोठ्यानं मिटक्या मारल्या.

मग काय, रोज अंडं नि रोज केक. कधी केळ्याचा, कधी खोबऱ्याचा. कोंबडा खेकसायचा, "अगं, अंड्यांवर बसणार कधी? घरात एक तरी पिल्लू दिसू दे!"

"उद्यापासून बसते. आज म्हशीला कबूल केलाय."

कौतुकाची चटक दारूहून वाईट. असे पुष्कळ उद्या गेले, ठकूचं वय झालं आणि अंडी थांबली.

त्याच महिन्यात बदकिणीला सात पिल्लं झाली. सगळा गोठा बघायला जमला, ठकूही गेली. एक पिल्लू सरळ तिच्या पंखाखाली शिरलं नि म्हणालं, "मावशी, तुझी पिल्लं कुठायत?"

म्हशीनं मान फिरवली.

"केकात घातली, बाळा," ठकू म्हणाली. "सगळ्यांना फार आवडली."