शिक्कामोर्तब झालेला नांगर

भुजंगराव महाराजांचं शेत बिघडलं! नांगरलेलं रान कसं तव्यासारखं सपाट हवं. हे झालं पन्हळी पत्र्यासारखं. एक ओळ खोल, एक ओळ वर. दोष कुणाचा? ड्रायव्हर रखमाजीचा! कारण दोष घ्यायला दुसरं कुणी मोकळं नव्हतं.

नांगर होता पलटी नांगर. शहरातल्या शहाण्यांसाठी सांगतो, खेड्यातल्यांनी तेवढ्यात तंबाखू मळून घ्यावी. या नांगराला फाळांच्या दोन जोड्या. एक खाली, दुसरी आभाळाकडे तोंड करून. जाताना एक जोडी राबते. बांधाशी पोचलं की नांगर उलटवायचा, येताना दुसरी राबते. राजवाड्यातले कारभारीही असेच होते, निम्मे राबायचे, निम्मे आभाळ बघायचे. पण तिथे उलटवायची सोय नव्हती.

नांगर सरळ उभा राहावा म्हणून त्याला दोन बाजूंना दोन स्क्रू, एक जातानाचा, एक येतानाचा. ते महाराजांनी स्वतःच्या हाताने लावले होते! राजवाड्याच्या फरसबंद अंगणात ट्रॅक्टर उभा केला, गवंड्याचा ओळंबा मागवला, पाना फिरवला. नांगर देवळाच्या खांबासारखा सरळ! उलटवून पाहिला, तरी सरळ! प्रधान टाळ्या वाजवून दमले. मग रिवाजाप्रमाणे दोन्ही स्क्रूंवर लाख ओतून राजमुद्रा उठवली. महाराजांचा हात लागला त्या वस्तूला दुसऱ्याने हात लावायचा नाही, असा तिथला रिवाज. राजवाड्याची एक खिडकी ऐन पावसातही उघडी असायची. ती महाराजांनी उघडली होती.

शेतात मात्र पुढचा फाळ खोल घुसायचा आणि मागचा जमिनीला नुसत्या गुदगुल्या करायचा.

“महाराज, स्क्रू जरा फिरवावे लागतील,” रखमाजी म्हणाला.

“म्हणजे आम्ही चुकीचे लावले?”

“नाही महाराज!”

“मग बरोबर लावले?”

“होय महाराज!”

“मग फिरवायचे कशाला?”

रखमाजीने टोपी काढली आणि परत घातली. घरी बायकोसमोरही त्याचं असंच व्हायचं.

महाराजांनी हुकूम सोडला, “उद्या दिवस मावळायच्या आत नांगर सुधारला पाहिजे. मुद्रेला धक्का लागता कामा नये. नाही जमलं, तर हद्दपार!”

राज्य एवढंसं होतं, की हद्दपार म्हणजे ओढ्यापलीकडे. पण रखमाजीचं घर, म्हशी आणि भांडायला हक्काचा शेजारी, सगळं ओढ्याअलीकडे. त्याला रात्री भाकर गेली नाही.

त्याची लेक ठकी. ट्रॅक्टर तीही चालवायची, बापापेक्षा सरळ. हे बापानेच कबूल केलं होतं. म्हणजे तिने चारचौघांत करायला लावलं होतं. सकाळी तिने शेतात उभ्या ट्रॅक्टरखाली डोकावून पाहिलं आणि फिसकन हसली.

“पोरी, इथे घर चाललंय आणि तू हसतेस?”

“आबा, दाढी करून या. महाराज येणार आहेत.”

ती थेट दरबारात गेली. “महाराज, नांगर सुधारते. पण तुम्ही सिंहासनासकट शेतात या. तुम्हाला समोर बघितल्यावर वाकडं राहायची कुणाची छाती आहे?”

महाराजांना हे लगेच पटलं. प्रधानांना तर ती बोलायच्या आधीच पटलं होतं.

भोई सिंहासन घेऊन शेतात आले. ठकीने जागा दाखवली. “डावे पाय वर ठेवा, उजवे पाय तासात.” तास म्हणजे फाळाने पाडलेला चर.

“तासात का?” प्रधानांनी विचारलं.

“ट्रॅक्टरचं उजवं चाक तासातूनच चालतं, प्रधानजी. महाराज काय चाकापेक्षा कमी आहेत?”

प्रधानांनी घाईघाईने मान हलवली. महाराज बसले आणि सिंहासन उजवीकडे कललं! मुकुट कानावर आला.

“अगं, हे कलंडतंय!”

“छे! दरबारात सरळ होतं ना, महाराज?”

“दरबारात सरळच होतं!”

“मग इथेही सरळच आहे. महाराजांना भास होतोय. ही झाली जाताना. आता येताना बघू. फिरवा रे!”

भोयांनी सिंहासन महाराजांसकट उलट्या तोंडाने ठेवलं. आता डावे पाय तासात. महाराज डावीकडे घसरले, ते प्रधानांच्या पागोट्याला धरूनच थांबले.

“मूर्ख पोरी! दोन पाय खड्ड्यात घातल्यावर सिंहासन सरळ राहील कसं? खाली काहीतरी घाला!”

“अरे बापरे, ते कसं चालेल? सुताराने एकदा दरबारात बसवलं, मुद्रा उठली, विषय संपला!”

महाराजांनी रागाने मान वळवली. समोर ट्रॅक्टर उभा होता. एक चाक तासात, एक वर, अगदी महाराजांसारखाच कललेला. मागचा नांगरही त्याच्याबरोबर वाकलेला.

“ठके,” महाराज हळूच म्हणाले, “आमच्या अंगणात तास नव्हता.”

“नव्हता, महाराज. तिथे आपण सगळेच सरळ दिसतो.”

प्रधानांनी डोळे मिटून घेतले. पण महाराज हसायला लागले, आणि असे हसले की सिंहासनावरून घरंगळत थेट तासात बसले! तिथूनच त्यांनी पाना मागवला आणि लाख स्वतःच्या हाताने फोडली. उजवं चाक तासात ठेवून ठकीने ओळंबा धरला, एक स्क्रू फिरवला. मग ट्रॅक्टर वळवून, डावं चाक तासात घेऊन, नांगर उलटवून दुसरा. रखमाजीने महाराजांच्या अलीकडेच एक फेरी जाताना मारली, एक येताना. दोन्ही फाळ सारखे खोल, माती भाकरीच्या पिठासारखी एकसारखी!

“शाब्बास, ठके!” महाराज तासात बसूनच ओरडले. “दिवस मावळेपर्यंत जेवढं रान नांगरशील, तेवढं तुझं!”

ठकी केव्हाच बापाला खाली उतरवून सीटवर चढली होती.

“मग महाराज, तेवढे उठा आणि सिंहासन बांधावर घ्या. मधे येतंय!”