चार दालनांचे काळीज

एका राज्यात रिपुंजय नावाचा राजा होता. त्याचा एकुलता एक पुत्र सुवीर लढाईत पडला. राजाला दुःख सोसवेना. त्याने कर्कट नावाच्या मांत्रिकाला बोलावले आणि म्हटले, "माझे काळीज काढून ने. मला ते नको."

कर्कटाने काळीज काढले, मंत्र घालून टेकडीएवढे केले आणि दूरच्या दरीत ठेवले. राजा मेला नाही, पण त्याचे अंग गार पडले. त्याने शेजारच्या राज्यावर युद्ध लादले. माणसे मरत राहिली आणि त्याची पापणी ओलावली नाही. हळूहळू त्याचे पाय दगडाचे झाले, मग मांड्या, मग कंबर. दगड गळ्याशी पोहोचला की राजा कायमचा पाषाण होणार, आणि त्याने पेटवलेले युद्ध कधीच विझणार नाही, असा त्या जादूचा शाप होता.

राजवैद्या कुमुदा म्हातारी होती. सुवीराची नाळ तिनेच कापली होती. ती एकटी दरीकडे निघाली. वाटेत एका झुडपावर शिंजीर पक्षी बसला होता.

"काळजाला चार दालने आहेत," पक्षी म्हणाला. "दारे पुढेच उघडतात. मागे वळलीस तर आतच राहशील."

दरीच्या तोंडाशी कर्कट उभा होता.

"काय हवे?"

"राजाचे काळीज."

"तीन कामे कर. गोठलेले रक्त वितळव. त्याला वारा पाज. मग काळजाला ठोका दे."

पहिल्या दालनात काळे रक्त गोठून पडले होते. आगीने ते वितळेना. कुमुदा त्याच्याशेजारी बसली आणि सुवीर जन्मला ती सकाळ सांगू लागली: मूल उशिरा रडले, राजा उंबऱ्यावरच मटकन बसला. रक्ताने ऐकले. ते वितळले आणि दार लोटून दुसऱ्या दालनात शिरले, तिथून काळजाला लागून असलेल्या दोन गुहांत गेले.

गुहांत वारा नव्हता. कुमुदाने फुंकर घातली. छाती दुखेपर्यंत, डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत ती फुंकत राहिली. काळे रक्त कुंकवासारखे लाल झाले आणि तिसऱ्या दालनात वाहू लागले.

तिसऱ्या दालनात तिला मागून हाक आली. आवाज सुवीराचा होता.

"कुमुदाआई, मला इथे टाकून चाललीस?"

ती थांबली. तिच्या गालावर पाणी आले. पण ती वळली नाही, आणि कर्कटाची शेवटची जादू संपली.

चौथ्या दालनाची भिंत सर्वांत जाड होती. कुमुदाने आपली छाती तिला टेकवली. एक ठोका गेला, दुसरा गेला. तिच्या आयुष्याची सात वर्षे त्यांच्यासोबत गेली. मग भिंत हलली. काळीज धडधडले, आक्रसत ओंजळीएवढे झाले आणि तिच्या हातात आले.

ती परतली तेव्हा दगड राजाच्या कंठाला भिडत होता.

"घ्या, महाराज."

"नको. त्यात सुवीर आहे."

"आहे. दुसरीकडे तो कुठेच नाही."

राजाने डोळे मिटले आणि मान तुकवली. कुमुदाने काळीज त्याच्या छातीला लावले. काळीज छातीत शिरले. रक्त मानेत चढले, खांद्यांतून बोटांपर्यंत गेले, पोटऱ्यांत उतरले. दगडाच्या खपल्या जमिनीवर पडल्या. राजाने छाती दाबून धरली आणि मोठ्याने हंबरडा फोडला. दरबार खाली मान घालून उभा राहिला. कोणी त्याला थांबवले नाही.

रडून झाल्यावर त्याने सेनापतीला हाक मारली.

"आज किती पडले?"

"एकशे चाळीस, महाराज."

"त्यांची नावे आण. आणि सैन्य मागे बोलाव."

सेनापती धावत गेला. संध्याकाळपर्यंत सीमेवरचे नगारे थांबले. राजा जमिनीवर बसून एकेक नाव ऐकत होता, आणि प्रत्येक नावापाशी थोडा थांबत होता.