तीनदा हो

"त्याच्याच भाषेत सांगितलं होतं, भन्ते. मग चूक कुठं झाली?"

विचारणारा शार्दूल गजभिये. वकील. गेली अकरा वर्षं तो देशोदेशी फिरून न्यायाधीशांना फौजदारी न्यायाचे आंतरराष्ट्रीय नियम शिकवत होता. त्याची पुस्तिका चौदा देशांत चालते, हे त्याचं आल्या आल्या सांगूनही झालं होतं.

पवनीजवळच्या लहानशा विहारात भन्ते सुमेधकीर्ती शेंगा सोलत बसले होते. शार्दूल समोर सतरंजीवर.

"नीट सांग."

"एक डोंगराळ देश. खुनाचा आरोप असलेला एक मेंढपाळ. नियम असा की, आरोप काय आहे ते आरोपीला त्याच्या भाषेत सांगायचं आणि समजलं का ते विचारायचं. दुभाष्यानं सांगितलं. न्यायाधीशांनी तीनदा विचारलं. तो तीनदा हो म्हणाला. मी तिथंच होतो, भन्ते. त्या कोर्टाला पैकीच्या पैकी गुण मीच दिले."

"मग?"

"वीस वर्षांची शिक्षा. चार वर्षांनी मी तुरुंगात गेलो, तर तो मलाच विचारतो... माझी साक्ष तर कधीच झाली, मला घरी कधी सोडणार?"

भन्तेंनी मूठभर दाणे परातीत टाकले.

"पुढच्या महिन्यात फेरसुनावणी आहे. ते पुन्हा तेच विचारतील. तो पुन्हा हो म्हणेल. नियमात कोणता शब्द घालू, तेवढं सांगा."

भन्तेंनी परात बाजूला सारली. डोळे मिटले आणि पालीतला एक लांबलचक उतारा म्हटला. सावकाश, स्पष्ट. शार्दूलला वंदनेपलीकडे पाली येत नव्हती. तो हात जोडून ऐकत राहिला.

"समजलं?"

"हो, भन्ते."

"नक्की?"

"हो."

"काय समजलं?"

शार्दूलनं जोडलेले हात खाली घेतले.

"काहीच नाही, भन्ते."

"मग हो का म्हणालास?"

"तुम्ही विचारत होता... तुम्हाला नाही कसं म्हणणार?"

भन्तेंनी परात पुन्हा पुढ्यात ओढली.

"मी तर जमिनीवर बसलोय," ते म्हणाले. "आणि माझ्याकडं बेड्याही नाहीत."